‘अजून सिनिअरच का?’ या प्रश्नाविषयी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत कोल्हापूरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं पत्र आलं होतं. त्यांचा मुलगा पुण्यात एका मोठ्या अमेरिकी कंपनीत इंजिनिअर आहे. सहा वर्षं झाली, तो ‘सिनिअर’वरच आहे. दरवर्षी चांगला शेरा मिळतो, पगार वाढतो, पण पद हलत नाही. ‘प्रामाणिकपणे राबणाऱ्याला डावलतात, आयटीतही वशिलेबाजीच चालते’, असा त्यांचा निष्कर्ष होता. मी स्वतः खराडीत अशाच एका कंपनीत आहे आणि सिनिअर या पदावर साडेसात वर्षं काढली आहेत. बढतीसाठी माझी फाइल दोनदा परत आली, तिसऱ्यांदा मंजूर झाली. वशिला नव्हता. पण सगळं न्यायानं झालं असंही मी छातीठोकपणे सांगणार नाही.

काकांची (त्यांना काकाच म्हणते) तळमळ मला कळते, कारण माझे वडील सांगली जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक म्हणून लागले होते. ज्येष्ठता यादीत आपला नंबर कितवा, वरचे किती जण कोणत्या साली निवृत्त होणार, हे त्यांना तोंडपाठ असे. बारा वर्षं एकाच पदावर निघाली की कालबद्ध पदोन्नतीची वेतनश्रेणी लागे. आता तिथे दहा-वीस-तीस वर्षांची आश्वासित प्रगती योजना आहे. यादीतल्या वरच्या एका गृहस्थांनी स्वेच्छानिवृत्ती घेतल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी आमच्याकडे कांदाभजी झाली होती. त्या गृहस्थांना मधुमेहानं बेजार केलं होतं, हे आईनं कढईपाशी उभं राहून दोनदा सांगितलं. भजी मात्र तळली. अशा घरात वाढलेल्या मुलीला ‘इतकी वर्षं झाली, आता माझा नंबर’ असंच वाटणार.

या कंपन्यांत नंबर लागत नाही, हे मला कळायला पहिली फाइल परत यावी लागली.

आधी शिडी कशी आहे ते सांगते. कॉलेजातून आलेला पोरगा किंवा पोरगी गूगलमध्ये एल-३ला लागते, मेटामध्ये ई-३ला. तिथून वर चढणं अपेक्षितच असतं. खालच्या पायरीवर फार काळ रेंगाळलात तर मॅनेजर बोलावून विचारतो. एल-५ किंवा ई-५, म्हणजे सिनिअर, इथे पोचलात की मात्र ही विचारणा बंद होते, काही ठिकाणी तर एक पायरी आधीच. तुम्ही स्वतःचं काम स्वतः सांभाळता, कुणी मागे लागावं लागत नाही, आता निवृत्तीपर्यंत इथेच राहिलात तरी कंपनीची तक्रार नाही. याला ते ‘टर्मिनल लेव्हल’ म्हणतात. शब्द ऐकून एखाद्याला आजारपण आठवेल, पण अर्थ एवढाच की सक्तीचा जिना इथे संपतो. त्यामुळे सहा वर्षं सिनिअर राहणं म्हणजे नापास होणं नव्हे. जगातले बहुतेक चांगले इंजिनिअर तिथेच असतात.

आकड्यांवरही जाऊ नये. गूगलमध्ये एल-६ म्हणजे ‘स्टाफ इंजिनिअर’, सिनिअरच्या वरचं पद. ॲमेझॉनमध्ये एल-६ म्हणजे सिनिअरच, आणि त्याच्यावर एकदम एल-७चे प्रिन्सिपल. मायक्रोसॉफ्टची मोजदाद तर त्रेसष्ट-चौसष्टला सिनिअर आणि पासष्टपासून प्रिन्सिपल अशी. तेव्हा लग्नाच्या पंगतीत ‘आमचा जावई एल-सहा’ ऐकून काकांनी जिलबी कडू करून घेऊ नये.

मॅनेजर न होताही वर जाता यावं, म्हणून ही इंजिनिअरांची वेगळी शिडी असते. आयबीएमनं १९६०च्या दशकात ‘फेलो’ हे पद निर्माण केलं ते याच विचारानं. गूगलमध्ये या शिडीच्या पार टोकाला ‘सिनिअर फेलो’ हे पद आहे, तिथे पोचले ते जेफ डीन आणि राजस्थानातल्या कोटा शहरात लहानपण गेलेले संजय घेमावत यांच्यासारखे. ते टोक सोडा. सिनिअरपासून पुढची एकच पायरी चढताना दम निघतो, कारण तिथे कामाची जातच बदलते. काकांच्याच भाषेत सांगायचं तर शाखा उत्तम चालवणारा व्यवस्थापक आणि सगळ्या झोनची कर्जपद्धत बदलून दाखवणारा अधिकारी, यांच्यात जो फरक तो हा. पहिलं काम आणखी दहा वर्षं उत्तम केल्यानं दुसरं आपोआप होत नाही.

माझ्या पहिल्या फाइलची गोष्ट. आमच्याकडे फाइल आपणच लिहायची असते. आपण काय केलं, त्यानं काय बदललं, कोण साक्षीदार. त्याला सहकाऱ्यांचे लेखी अभिप्राय जोडायचे, मॅनेजरचं टिपण जोडायचं, आणि ज्यांनी आपला चेहराही पाहिलेला नाही अशी वरिष्ठांची समिती ते वाचून निर्णय देते. गूगलमध्येही बरीच वर्षं साधारण हीच रीत होती. २०२२ मध्ये त्यांनी मूल्यमापनाची पद्धत बदलली. ॲमेझॉनमध्ये तर २००४ पासून वरच्या बैठकांत पॉवरपॉइंटच बंद आहे, जे काय मांडायचं ते सलग गद्यात लिहून आणायचं. म्हणजे बघा, आयुष्यभर कोड लिहिला आणि शेवटी परीक्षा निबंधाची.

मी अकरा कामांची यादी दिली होती. महिनाअखेरीचं बिलिंग रात्री नऊला सुरू होऊन पहाटे सहापर्यंत चालायचं, ते मी दोन तासांवर आणलं होतं. मला वाटलं, एवढं एक पुरेल. अभिप्राय दोन वाक्यांचा आला: ‘अतिशय उत्तम सिनिअर इंजिनिअर. परिणाम स्वतःच्या टीमपुरता.’ मी तो पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचला आणि रडले, हे लपवत नाही. मग चिडले. आज ती फाइल काढून वाचली तर वाटतं, समितीचं काही चुकलं नव्हतं. अकरापैकी अकरा कामं कुणीतरी मला नेमून दिलेली होती. कोणतं काम करायला हवं, हे त्यातलं एकही मी ठरवलेलं नव्हतं.

दुसऱ्या फाइलच्या वेळी मात्र अन्याय झाला, असं मी आजही म्हणते. ज्या मॅनेजरनं दीड वर्ष माझं काम पाहिलं होतं, तो कंपनीतल्या फेररचनेत दुसऱ्या विभागात गेला. नवा मॅनेजर आला त्याला सात आठवडे झाले होते. निर्णयाआधी सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांबद्दल बोलतात. त्या खोलीत आपण नसतो. आपल्या वतीनं जो बोलतो त्याला आपली गोष्ट पाठ हवी, आणि समोरचा आडवं विचारू लागला तर परतून उत्तर देता यायला हवं. माझ्या नव्या साहेबाला माझं आडनावही नीट उच्चारता येत नव्हतं. बिचाऱ्याचा दोष नाही, पण माझं एक वर्ष गेलं.

आता तिसरी फाइल, आणि ती ज्यामुळे झाली ती गोष्ट जरा सविस्तर सांगते. हे काम बाहेरच्या माणसाला कुणी नीट सांगत नाही, असं मला नेहमी वाटतं.

आमची एक डेटाबेस यंत्रणा एका दुपारी चार मिनिटं बंद पडली. चारच मिनिटं. पण ती चालू झाल्यावरही पुढे जवळजवळ दोन तास सगळं ठप्प होतं. सगळे डेटाबेसवाल्यांना दोष देत होते. मी रात्री नोंदी काढून बसले. दिसलं ते असं: ग्राहकानं ॲपमध्ये एक बटण दाबलं की ती मागणी एका सेवेकडे, म्हणजे आतल्या एका प्रोग्रामकडे जाते, ती दुसरीला विचारते, दुसरी तिसरीला. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, एकूण तीनदा, अशी सोय प्रत्येक टीमनं आपापल्या परीनं करून ठेवलेली. ॲपचे तीन प्रयत्न, त्यातल्या प्रत्येकाचे पुढे तीन म्हणजे नऊ, आणि तळाच्या सेवेवर सत्तावीस. एका बटणाचे सत्तावीस धक्के. डेटाबेस उठून उभा राहिला की हा लोंढा त्याला परत पाडायचा.

वाळवा तालुक्यात माझ्या मामांची विहीर आहे. शेतात लाइट गेली आणि परत आली की काय होतं ते ग्रामीण वाचकांना सांगायला नको. सगळ्यांच्या मोटारींना ऑटो स्विच. लाइट आली रे आली की वीस-पंचवीस मोटारी एकाच क्षणी सुरू होतात आणि डीपी, म्हणजे शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर, उडते. मग सगळेच आठ-आठ दिवस डीपीची वाट बघत बसतात. महावितरण दरवर्षी कानीकपाळी ओरडतं, ऑटो स्विच काढा. एकेकट्या शेतकऱ्याचं काहीच चुकत नसतं. त्याला आपल्या उसाला पाणी द्यायचं असतं. आमच्या टीमांचं अगदी हेच होतं.

उपाय जगाला माहीत असलेलाच होता. प्रत्येक पायरीवर नाही, एकाच पायरीवर पुन्हा विचारायचं. लगेच नाही, थोडं थांबून, दर वेळी दुप्पट थांबून, आणि प्रत्येकानं थोडं वेगवेगळं थांबायचं म्हणजे सगळे एका क्षणी येणार नाहीत. शिवाय एकूण मागण्यांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पुनर्मागण्या होऊ लागल्या तर त्या सरळ बंद. याचा कोड मी दोन दिवसांत लिहिला, तीनशे ओळीही नव्हत्या.

तो आठ टीमांच्या गळी उतरवायला नऊ महिने लागले. त्यातल्या तीन टीम सिॲटलमध्ये, दोन हैदराबादेत. कुणी म्हणे आमच्याकडे कधी बिघाडच होत नाही. कुणी म्हणे पुढच्या तिमाहीत बघू. एका टीमच्या प्रमुखानं मला आठवडाभर उत्तरच दिलं नाही, मग त्याच्याच यंत्रणेच्या नोंदींमधून सत्तावीसचा आकडा काढून त्याला पाठवला, तेव्हा बोलायला आला. मी सहा पानी टिपण लिहिलं आणि त्यात डीपीचं चित्र काढलं, शेत, विहिरी, तारा सगळं. सिॲटलच्या एकीनं समासात लिहिलं, ‘हे डीपी काय आहे?’ मी समजावलं. पुढच्या बैठकीत तिनंच दुसऱ्याला समजावलं, आणि त्या दिवसापासून आमच्या कंपनीत ‘डोन्ट ब्लो द डीपी’ असं इंग्रजीत म्हणू लागले. मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्यांची उडू दे, आमची कधी बसवताय ते विचार.’

तिसऱ्या फाइलमध्ये यादी नव्हतीच. मुख्य काम एकच होतं. कोणी सांगितलं नसताना दिसलेली अडचण, आठ टीमांनी बदललेली पद्धत, आणि पुढच्या बिघाडात दोन तासांऐवजी सहा मिनिटांत पूर्ववत झालेली यंत्रणा. मॅनेजर दीड वर्षाचा जुना झाला होता. अभिप्राय देणाऱ्यांपैकी तिघे माझ्या टीमबाहेरचे होते. मंजूर झाली.

काका, तुमच्या मुलाला ‘तुझी बढती कधी’ असं विचारू नका. दिवाळीत आत्यानं तेच विचारलेलं असतं, वास्तुशांतीला मावशीनं. हवं तर विचारा, तुझं ऐकून दुसऱ्या कुठल्या टीमनं आपली पद्धत बदलली का रे? तो हसेल किंवा गप्प बसेल, पण बोलणं तिथून सुरू होईल.

आता वशिलेबाजीच्या आरोपाबद्दल. कुणाचा भाचा-पुतण्या म्हणून बढती मिळालेली मी पाहिलेली नाही. पण पुण्यात बसून ही पायरी चढणं अमेरिकेतल्यापेक्षा अवघड आहे, हे खरं. पुढच्या वर्षी काय बांधायचं, हे जिथे ठरतं ती बैठक तिकडे सकाळी नऊला असते. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेदहा. सिनिअरचं काम दिवसाउजेडी होतं. स्टाफ व्हायचं तर रात्रीच्या त्या बैठकीत तोंड उघडावं लागतं, आणि तेही दोन अमेरिकन माणसं एकमेकांचं वाक्य तोडत असताना मधली फट शोधून. मी मराठी माध्यमातली. ‘मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये’ हे इतकं भिनलेलं की पहिलं वर्ष मी बैठक संपल्यावर मेलमध्ये लिहायचे, मला असं म्हणायचं होतं. तोवर ठरून गेलेलं असायचं.

दुसरी एक गोष्ट बायकांच्या वाट्याला जास्त येते. नव्या मुलांना शिकवणं, बैठकीची टिपणं काढणं, मुलाखती घेणं, दोन टीमांमधलं भांडण मिटवणं. एका वर्षी मी नव्वदच्या वर मुलाखती घेतल्या. ‘तू छान करतेस’ म्हणून सगळे देत गेले आणि मीही घेत गेले. हे सगळं थांबलं तर टीम आठवड्यात विस्कटेल, पण फाइलमध्ये त्याची एक ओळ होते आणि समिती ती ओळ वाचून पुढे जाते. बढती झाल्यावर मी पहिलं काम काय केलं तर टिपणं काढायची पाळी लावून दिली, मुलगे धरून. दोघांनी कुरकुर केली.

शिवाय काळ. २०२२-२३ मध्ये मेटा, गूगल, मायक्रोसॉफ्ट सगळ्यांनी हजारोंनी माणसं कमी केली, एकट्या गूगलनं बारा हजार. २०२३च्या मार्चमध्ये गूगलनं आपल्या लोकांना कळवलं की वरच्या पदांवर यंदा पूर्वीपेक्षा कमी बढत्या होतील. भरती कमी म्हणजे टीम वाढत नाहीत, टीम वाढत नाहीत तर वरच्या पदाला पुरेल एवढं कामही तयार होत नाही. तुमच्या मुलाच्या सहा वर्षांत नेमका हा काळही आला, ते त्याच्या माथी मारू नका.

आणि कदाचित त्याला हे नकोही असेल. आमच्याकडे एक जण अकरा वर्षं सिनिअर आहे. साडेसहाला निघतो, तबल्याच्या क्लासला जातो, रविवारी पहाटे सिंहगड चढतो. कुठलाही किचकट बग अडला की सगळे त्याच्याकडेच जातात, मीसुद्धा. त्याला दोनदा फाइल लिही म्हटलं तर म्हणाला, ‘मला कोड लिहायला आवडतो, कोडबद्दल लिहायला नाही.’ मी आता आठवड्यातून जेमतेम एक दिवस कोड लिहिते. बाकी टिपणं, बैठका, समजुती. पहिले सहा महिने तर मला वाटायचं, जुन्या नोकरीवरून काढून भलत्याच नोकरीवर ठेवलंय. पैसे अर्थातच जास्त आहेत, आणि ते मला आवडतात.

वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. बढतीचं पत्र आलं त्या रात्री सांगलीला फोन केला. म्हटलं, दादा, मी स्टाफ इंजिनिअर झाले. पलीकडे जरा शांतता.
‘आधी सिनिअर होतीस ना?’
‘हो.’
‘मग सिनिअरची स्टाफ केली? आमच्याकडे शिपायापासून सगळे स्टाफच. एस.टी.त कंडक्टरला स्टाफ म्हणून सांगतात तसलं का हे?’
वरचं पद आहे, असं पुन्हा पुन्हा सांगितल्यावर पटलं. मग विचारलं, ‘बदली कुठे?’
बदली नाही म्हटलं, तेच टेबल, तीच खुर्ची. त्यांना ते काही खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, पेढे आणलेत, पण नक्की काय म्हणून वाटायचे ते एकदा नीट सांग, शेजारी विचारतात.

(नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)

आपली,
एक वाचक, खराडी, पुणे